हात वाळतोय, पण हा एएलएसच का?

प्रौढ माणसाचा हात बारीक होऊ लागला, कातडीखाली स्नायू फडफडायला लागले आणि बधिरपणा मात्र कुठेच नाही, की केसपेपरवर 'एमएनडी' ही तीन अक्षरं पडतात, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज: स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार, ज्याचा ठळक प्रकार एएलएस. बहुतेक वेळा ती बरोबरही असतात. पण या निदानाचा इतिहास पाहिला, तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्यातून एकेक आजार वेगळा काढावा लागला आहे. दर वेळी कारण एकच होतं: एएलएसमध्ये असायला नको अशी एखादी गोष्ट कुणाच्या तरी नजरेला पडली.

मूळ चौकट फ्रेंच चेतातज्ज्ञ शार्को यांची. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६९ साली जोफ्रुआ यांच्यासह त्यांनी शवविच्छेदनातले निष्कर्ष मांडले आणि १८७४ मध्ये आजाराला आजचं नाव दिलं. चौकट काटेकोर होती. मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या पेशी गेल्यामुळे स्नायू झडतो आणि मेंदूकडून येणारे तंतू गेल्यामुळे ताठरपणा येतो. म्हणूनच वाळलेल्या हाताचे रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीच्या टिचकीने येणारे झटके, जोरात मिळाले, तर एएलएसची शंका बळावते. पुढे ही दुसरी अट सैल झाली आणि नुसता स्नायू झडला तरी तेच नाव लागू लागलं.

जपानमध्ये कावाहारा यांनी १८९७ सालीच दोन भावांमधला असा एक आजार नोंदवला होता. त्याला आज केनेडीचा आजार म्हणतात, कारण १९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम केनेडी आणि सहकाऱ्यांनी दोन कुटुंबांतल्या ११ पुरुषांचं वर्णन केलं. हा आजार तिशी-चाळिशीनंतर हळूहळू उमटतो. पोटऱ्यांत गोळे येणं आणि हात थरथरणं आधी कित्येक वर्षं चालतं, जिना चढताना मांड्या दमतात ते नंतर. रुग्णाला शीळ घालायला सांगा, हनुवटीची कातडी वळवळताना दिसेल. सदरा काढायला सांगा, कारण स्तन वाढलेले असतात आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. रिफ्लेक्स मंद असतात. तपासण्या मात्र दिशाभूल करतात. रक्तात सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम वाढलेलं दिसलं की पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, समजून स्टिरॉइड सुरू होतात. संवेदना ठीक असूनही एनसीव्हीत, म्हणजे नसांच्या विद्युत-तपासणीत, संवेदी नसांचे सिग्नल लहान येतात, आणि रुग्णाला मधुमेह असेल तर खापर त्याच्यावर फुटतं. १९९१ मध्ये ला स्पाडा, फिशबेक आणि सहकाऱ्यांनी मूळ दोष शोधला. एक्स गुणसूत्रावरच्या अँड्रोजन रिसेप्टर (पुरुष-संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या) जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हापुन्हा येतात. ३८ किंवा त्याहून जास्त वेळा आली तर निदान पक्कं, आणि त्यासाठी रक्ताचा एक नमुना पुरतो. दोष आईकडून येतो, म्हणून चौकशी आजोळची करायची. आपल्याकडे वडिलांकडच्या पिढ्या तोंडपाठ असतात, मामाच्या पायांबद्दल मात्र विचारावं लागतं.

१९५९ मध्ये टोकियोत हिरायामा आणि सहकाऱ्यांनी १२ तरुण रुग्ण मांडले. साधारण १५ ते २५ वयाचे मुलगे, एका हाताची बोटं आणि पंजा झडतो, काही वर्षं झीज वाढत जाते आणि मग आजार आपोआप थांबतो. तपासताना अंगठा वर ठेवून कोपर विरोधाविरुद्ध वाकवायला सांगा. अंगठ्याच्या बाजूचा लांब स्नायू टणक उठून येतो, करंगळीकडची बाजू खपाटीला गेलेली असते आणि दोन्हींमधली सीमा तिरकी दिसते. एएलएसमध्ये पंज्यातली अंगठ्याकडची बाजू आधी झडते, इथे करंगळीकडची. थंडीत बोटं अचानक लुळी पडतात, बटणं लावता येत नाहीत. लांब केली की बारीक थरथरतात.

१९८० च्या दशकातल्या शवविच्छेदनात मानेच्या खालच्या भागातल्या पेशींना रक्त कमी पडल्याच्या खुणा मिळाल्या. कारण एमआरआयने दाखवलं. मान पुढे वाकली की मज्जारज्जूचं मागचं आवरण पुढे सरकतं आणि रज्जूला दाबतं. मान सरळ ठेवून काढलेला एमआरआय त्यामुळे 'नॉर्मल' येतो किंवा 'रज्जू किंचित बारीक' एवढंच म्हणतो. चिठ्ठीवर 'मान वाकवून' असं स्पष्ट लिहावं लागतं, डोक्याखाली उशी देऊन मान पुरेशी वाकवावी लागते. २५ अंशांच्या आत वाकवली तर दोष निसटू शकतो. आजार थांबून बरीच वर्षं झाली असतील, तरीही काही दिसेलच असं नाही. मानेला पट्टा लावायचा तो पुढची झीज रोखायला, गेलेला स्नायू त्याने परत येत नाही.

भारतात याच धर्तीच्या मोठ्या नोंदी झाल्या. चंडीगढच्या प्रभाकर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एकच पाय वाळलेले ४० रुग्ण 'वेस्टेड लेग सिंड्रोम' या नावाने मांडले. बंगळुरूच्या निम्हान्समधून गौरी देवी यांच्या गटाने १९८४ मध्ये २३ रुग्णांसाठी 'मोनोमेलिक अमायोट्रोफी' हे नाव वापरलं. दोन्ही नावं सर्रास हिरायामाच्या आजाराला पर्याय म्हणून लिहिली जातात, ते आम्हाला पटत नाही. वाकलेल्या मानेने पाय वाळण्याचा उलगडा होत नाही.

१९८८ च्या सुमारास आणखी एक आजार वेगळा निघाला: मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. मनगट लुळं पडतं, पण स्नायू सुरुवातीला भरलेलाच असतो, कारण बिघाड पेशीत नसून नसेच्या मधल्या अडथळ्यात असतो. एनसीव्ही मनगट आणि कोपर इथेच थांबली तर अडथळा सापडत नाही, काखेपर्यंत आणि मानेच्या बुडापर्यंत जावं लागतं. इथे चुकणं महागात पडतं. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून दिल्यावर, हात परत चालू शकतो, आणि स्टिरॉइडने बिघडू शकतो.

मद्रासच्या मीनाक्षीसुंदरम, जगन्नाथन आणि राममूर्ती यांनी १९७० मध्ये तरुणांतला एक प्रकार नोंदवला. हातपाय झडतात, चेहरा आणि गिळणं दुबळं होतं, आणि जोडीला ऐकू कमी येतं. रुग्ण मात्र कित्येक वर्षं जगतात. ब्राउन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेला आजार याच्याशी दिसायला फार मिळताजुळता. त्यातल्या बऱ्याच रुग्णांत बी-२ जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या जनुकांचा दोष असतो, हे २०१० पासून उलगडत गेलं. म्हणून हात आणि कान एकत्र गेले असतील, तर जनुक-चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता रायबोफ्लेविन, म्हणजे हेच बी-२, सुरू करतात. मात्रा दर किलोला १० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त असते, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती भागत नाही.

शेवटचं उदाहरण मुंबईचं. १९७१ मध्ये डोळे येण्याची मोठी साथ आली, बंगालात तिला लोक 'जय बांगला' म्हणत. काही आठवड्यांनी नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांकडे पोलिओसारखे पाय लुळे पडलेले प्रौढ रुग्ण येऊ लागले, बहुतेकांना आधी पाठीत आणि पायात कळा आलेल्या. संबंध डोळ्यांच्या साथीशी असल्याचं त्यांनी १९७२ मध्ये मांडलं. १९८१ च्या साथीतही मुंबईत असे रुग्ण दिसले. डोळे तोवर बरे झालेले असत, त्यामुळे विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नसे.