शाखा (राष्ट्र सेवा दल)

शाळा सुटल्यावर संध्याकाळी मैदानात जमायचे आणि खेळ, कवायत, समूहगीते व चर्चा यांतून समतेचे वळण अंगी बाणवायचे, अशी राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्रात रुजविलेली मुलामुलींच्या संघटनाची पद्धती. ‘शाखा’ हाच शब्द राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या (स्था. १९२५) दैनंदिन एकत्रीकरणासाठीही रूढ आहे. दोहोंचे बाह्यरूप काहीसे सारखे असले, तरी वैचारिक भूमिका परस्परविरोधी आहेत.

दलाचा प्रारंभ नेमका कधीपासून धरावा, याविषयी दोन मते संभवतात. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या पुढाकाराने काँग्रेसच्या काकिनाडा अधिवेशनाच्या सुमारास (१९२३) हिंदुस्थानी सेवा दल उभे राहिले. १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या काळात त्यावर बंदी आली. ४ जून १९४१ हा राष्ट्र सेवा दलाचा स्थापनादिन मानला जातो. त्या वेळच्या उभारणीत एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर प्रभृती होते (नावसाम्यामुळे दोन्ही हर्डीकरांत गल्लत होऊ नये), तर एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. या घटनेला कोणी ‘स्थापना’ म्हणतात, तर कोणी ‘पुनर्घटना’. नाव आणि काँग्रेसशी असलेले नाते पाहता ‘पुनर्घटना’ हा शब्द चुकीचा ठरत नाही. तथापि हर्डीकरांच्या दलाचा मुख्य भर अधिवेशने व आंदोलने यांसाठी शिस्तबद्ध स्वयंसेवक घडविण्यावर होता. गल्लीतल्या पोरासोरांना रोज संध्याकाळी एकत्र आणणे हे १९४१ नंतरच्या दलाचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे शाखेपुरते बोलायचे, तर १९४१ हेच वर्ष आरंभाचे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

शाखेचा क्रम सर्वपरिचित आहे : झेंडावंदन, खेळ, कवायत, गाणी, शेवटी बौद्धिक (वैचारिक विषयावरील भाषण वा चर्चा) किंवा गोष्ट. शाखा चालविणारा शाखानायक बहुधा मुलांपेक्षा थोडाच मोठा असे. मुली आणि मुलगे एकत्र, हे त्या काळी सहज पचणारे नव्हते. खेळांची निवड मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. हुतूतू, खोखो, लगोरी यांना मैदानापलीकडे जवळजवळ काही लागत नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला बॅट नाही, बूट नाहीत म्हणून कडेला उभे राहण्याची पाळी येत नाही. शिवाय हुतूतूत चढाई करून आलेल्याचा पाय धरल्याशिवाय, त्याच्या अंगावर पडल्याशिवाय डाव रंगतच नाही. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, त्या गावातल्या मुलांनी धुळीत एकमेकांना कवळ घालणे ही साधी गोष्ट नव्हती. अस्पृश्यतेविरुद्धच्या शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते, ते अशा एका डावात साधत असे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साने गुरुजींनी (१८९९–१९५०) पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४६-४७ मध्ये महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपुरात उपोषण केले. या प्रचारात दलाच्या कलापथकाने (गाणी व नाट्य यांतून विचार मांडणाऱ्या चमूने) हिरिरीने भाग घेतला.

कलापथक हे शाखेतून फुटलेले सर्वांत कसदार अंग. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांसारखे कवी-गायक त्यास लाभले. परंतु वंचित थरांतील मुलांच्या दृष्टीने त्याचे मोल निराळेच आहे. दादा कोंडके गिरणगावातील कामगाराच्या घरातले. राम नगरकर न्हावीकाम करणारे. निळू फुले (१९३०–२००९) पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी. फुले यांना महिना ८० रुपये पगार होता आणि त्यातले १० रुपये ते दलाला देत, असे सांगितले जाते. खुरपे ठेवून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या या तरुणाला अभिनयाचे शिक्षण देणारी दुसरी कोणती संस्था तेव्हा परवडली असती? पदवी, ओळख किंवा शुल्क न विचारता त्याच्या हाती भूमिका देणारे ठिकाण कलापथक होते. नाटक-सिनेमात पुढे गेलेली अशी नावे सर्वांना ठाऊक आहेत. शाखेत येऊन धीट झालेल्या, चारचौघांत बोलू लागलेल्या आणि पुढे शिक्षक, कामगार कार्यकर्ते वा नुसतेच चांगले शेजारी झालेल्या मुलामुलींची गणती मात्र या नावांवरून होत नाही. शाखेचे खरे काम तेथेच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात दलाच्या कामाला शिबिरे, सेवापथके व संस्थात्मक उपक्रम यांची जोड मिळाली. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेले साने गुरुजी स्मारक हे दलाचे मध्यवर्ती ठिकाण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निराधार झालेल्या मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले. पन्नालाल सुराणा यांचा त्यात मोठा वाटा होता. हे निवासी केंद्र असल्याने काटेकोर अर्थाने ती शाखा नव्हे. पण शाळेतून परतलेल्या मुलाला संध्याकाळी हक्काने जाता येईल अशी जागा हवी, ही शाखेची मूळ गरज येथे घराच्या रूपाने भागविली गेली.