रिमफायर टार्गेट रायफल : ट्रिगरचे वजन

कॉक केलेल्या (फायरिंग पिन मागे ताणून सज्ज केलेल्या) रायफलचा चाप, म्हणजे ट्रिगर, सुटेपर्यंत बोटाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याला ट्रिगरचे वजन म्हणतात. ते ग्रॅममध्ये सांगतात. चाप दाबला की सियर हा खटका सरकतो आणि त्याने अडवून धरलेली फायरिंग पिन पुढे झेपावून काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आदळते. रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण त्या कडेतच भरलेले असते.

50 मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिमी व्यासाचे असते. अशा वेळी जड चाप ओढताना नळी किंचित हलली तरी गुण जातो, म्हणून स्पर्धेच्या रायफलींचे चाप बहुधा शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास ठेवलेले दिसतात. 50 मीटर रायफल प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमांनी किमान वजनाची अट घातलेली नाही. 300 मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र किमान 1500 ग्रॅम लागतात.

बहुतेक टार्गेट ट्रिगर दोन टप्प्यांचे असतात. पहिल्या टप्प्यात चाप मऊपणे मागे येतो आणि मग भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. त्यापुढचा जोर हा दुसरा टप्पा. एकूण 120 ग्रॅमपैकी 80 पहिल्या टप्प्यात आणि 40 दुसऱ्यात, अशी विभागणी करता येते. बोटाला ती भिंत दर वेळी त्याच जागी, तेवढीच ठाम लागली पाहिजे. आकडा कमी करण्यापेक्षा हे फार महत्त्वाचे आहे. भिंत पुसट झाली की नेमबाज शॉट सोडत नाही, तो आपोआप सुटतो.

वजन बदलणारा स्क्रू स्प्रिंगवरचा दाब कमी-जास्त करतो. त्याच्या शेजारीच बऱ्याचदा सियरची पकड (फायरिंग पिन अडवताना तो किती अडकून राहतो ते) ठरवणारा स्क्रू असतो, आणि घात तिथेच होतो. चाप हलका करण्याच्या नादात पकड कमी केली, तर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) जोरात बंद करताना किंवा बट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) जमिनीवर आपटल्यावर रायफल आपोआप सुटू शकते. म्हणून कोणता स्क्रू कशाचा, हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

काम सुरू करण्यापूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी व बोटाने तपासावे. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा व फेरे लिहून ठेवावेत. मोजताना नळी उभी धरून वजन चापाच्या मधोमध अडकवतात आणि रायफल हळूहळू वर उचलतात. वजन चापाच्या टोकाकडे सरकले तर तरफेचा दांडा लांबतो आणि तोच चाप हलका भासतो. अनेकांची मापे इथेच चुकतात. एका मापावर न थांबता पाच-सहा मापे घ्यावीत. आकडे विखुरलेले आले, तर दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो, सियरवर साचलेल्या मळाचा किंवा घट्ट झालेल्या तेलाचा असतो.

शेवटी रिकाम्या रायफलचा बोल्ट काही वेळा जोरात बंद करून पाहतात, बटाला रबरी हातोडीने हलके ठोके देतात. एकदाही खटका सुटला, तर वजन पुन्हा वाढवावे लागते. रिकाम्या चेंबरवर चाप ओढायचा असेल, तर उडवलेले रिकामे काडतूस किंवा डमी (नकली काडतूस) घालावी, नाहीतर काही रायफलींत फायरिंग पिन चेंबरच्या कडेला खाच पाडते.