लवके
लवके ही वनस्पती व शैवालांच्या पेशींतील दुहेरी पटलाने वेढलेली अंगके, म्हणजे ठराविक काम करणारे पेशीचे छोटे भाग, आहेत. अन्न तयार करणे, ते साठवणे, फुलाफळांना रंग देणे ही त्यांची मुख्य कामे. हरितलवक (हिरवे), वर्णलवक (पिवळे, नारिंगी वा लाल) व अवर्णलवक (रंगहीन) ही शालेय विभागणी सोयीची असली तरी थोडी फसवी आहे. हे तीन निरनिराळे घटक नसून एकाच अंगकाची रूपे आहेत आणि ती एकमेकांत बदलतात.

कोंबाच्या व मुळाच्या टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीत, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींच्या समूहात, इवलीशी, रंगहीन आद्यलवके असतात. पेशी पुढे कोणत्या ऊतीत जाते, यावर त्यांचे रूप ठरते. पानात उजेड मिळाला की आतल्या पटलापासून थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या तयार होतात. नाण्यांच्या चळतीसारख्या त्या एकावर एक रचल्या गेल्या की ग्रॅना बनतात. हरितद्रव्य याच पटलांत असते. पूर्ण वाढलेले हरितलवक साधारण ५ ते १० मायक्रोमीटर लांब असते.

उजेडच नसेल तर काय होते, हे नवरात्रात घरोघरी दिसते. अंधाऱ्या देवघरात घटाभोवती उगवलेले धान पिवळट असते. त्याच्या लवकांत थायलॅकॉइडांऐवजी पटलनलिकांची स्फटिकासारखी जाळी तयार होते. हरितद्रव्याच्या आधीचा पदार्थ तिथे तयार असतो, पण सपुष्प वनस्पतींत त्याला पुढची पायरी गाठून देणारे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) प्रकाशावाचून काम करत नाही. ते रोप उन्हात ठेवले, तर काही तासांत हिरवे होऊ लागते.

टोमॅटो पिकताना हरितलवकातील थायलॅकॉइड मोडतात, लायकोपिन या लाल रंगद्रव्याचे स्फटिक साठतात आणि त्याच लवकाचे वर्णलवक होते. बटाट्यात स्टार्च साठवणारी लवके असतात. बटाटा उजेडात राहिला तर त्यांतली सालीजवळची हिरवी होतात. मूलटोपीतील स्टार्चने जड झालेली लवके पेशीच्या तळाशी बसतात आणि मुळाला खालची दिशा कळते. मात्र वांग्याचा जांभळा किंवा बिटाचा लाल रंग लवकांचा नव्हे, तो पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, विरघळलेला असतो.

लवक पेशीत नव्याने घडत नाही. असलेल्या लवकाचे विभाजन होऊनच दुसरे मिळते. त्याला स्वतःचा डीएनए असतो. वनस्पतींच्या दूरच्या पूर्वज पेशीत सामावलेल्या नीलहरित जीवाणूचा हा वारसा. पण आज त्यात सुमारे शंभरच जनुके उरली आहेत आणि लवकाची बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून बनतात.

सपुष्प वनस्पतींत लवके बहुधा बीजांडातून, म्हणजे आईकडूनच येतात. कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये हे गुलबक्षीच्या चितकबऱ्या झाडांवर दाखवले. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचे बी पांढरे रोप देई, हिरवीवरचे हिरवे, मग पराग कोणत्याही फांदीवरचा असो. चितकबऱ्या फांदीवरच्या बियांतून मात्र तिन्ही तऱ्हेची रोपे उगवली, कारण तिथल्या बीजांडांत कधी हिरवी, कधी रंगहीन, तर कधी दोन्ही प्रकारची लवके उतरली होती.