व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क चालवणे

जुन्या संगणकातून काढलेली आयडीई (जुन्या पद्धतीच्या रुंद केबलने जोडली जाणारी) हार्ड डिस्क आजच्या संगणकाला जोडून तिच्यावरची मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, सुरू करणे, आणि ती सुरू होत नसेल तर अडचण कुठे आहे हे शोधणे, असे हे काम आहे. नुसत्या फायली हव्या असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. पण विंडोज ९८ वर पेजमेकर (पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्ट व टंकलेखनाचे सॉफ्टवेअर) जुळवलेला अंक पुन्हा उघडायचा, तर तेच फॉन्ट आणि तेच सॉफ्टवेअर लागते. युनिकोडपूर्व (आजची सामायिक अक्षर-पद्धत येण्याआधीचा) मराठी मजकूर त्यांच्याशिवाय सहसा नीट वाचता येत नाही.

जोडणी. यूएसबी अडॅप्टरवर डिस्कचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) मास्टरवर ठेवावा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. सुमारे ५०० एमबीपेक्षा लहान, अगदी सुरुवातीच्या डिस्कना बहुतेकदा एलबीए पद्धत (डिस्कवरच्या तुकड्यांना, म्हणजे सेक्टरना, सरळ क्रमांक देण्याची) कळत नाही आणि बरेच अडॅप्टर फक्त तीच वापरतात. मग डिस्क दिसत नाही किंवा क्षमता भलतीच दिसते. अशा वेळी खरा आयडीई पोर्ट असलेला जुना मदरबोर्डच शोधावा. स्मार्ट नोंदी (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या) होस्टवरच, म्हणजे खऱ्या संगणकावरच वाचाव्यात, कारण गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या प्रणालीला, त्या सहसा दिसत नाहीत. क्रमांक ५, १९७ आणि १९८ वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतो आहे. फक्त १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी.

प्रतिमा (संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल असलेली फाइल). व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) प्रत्यक्ष डिस्क थेट गेस्टला देता येते, तरीही ते टाळावेच. होस्ट आणि गेस्टने एकाच वेळी डिस्क माउंट केली (वापरासाठी उघडली) तर फाइल सिस्टीम बिघडते. शिवाय विंडोज सुरू होता होताच डिस्कवर लिहू लागते. लिनक्सवर आपोआप माउंट होणे बंद करून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कचीही नक्कल काढणारे साधन) पूर्ण प्रतिमा घ्यावी. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडत न बसता पुढे जावे, दुसऱ्या फेरीत त्याच भागांवर तीन प्रयत्न करावेत. मॅप फाइल (कोणते भाग वाचून झाले याची नोंद) जपून ठेवली की काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू होते. डिस्क टकटक करू लागली तर लगेच वीज बंद करावी. प्रयोग नेहमी प्रतिमेच्या प्रतीवर करावेत.

डॉस आणि विंडोज ९५/९८. काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो तेव्हा दोष बहुधा भूमितीचा, म्हणजे डिस्कच्या सिलिंडर-हेड-सेक्टर मोजणीचा, असतो. जुना बूट कोड सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड, सेक्टर असा मोजतो. व्हर्च्युअल बायोसने (यंत्र सुरू करणारा प्राथमिक प्रोग्राम) हेडची संख्या वेगळी धरली की बूट कोड भलताच सेक्टर वाचतो. मूळ संख्या डिस्कवरच लिहिलेली असते. हेक्स एडिटरमध्ये पहिल्या सेक्टरचा ४५१ वा बाइट (शून्यापासून मोजून) पाहावा. पहिल्या पार्टिशनचे शेवटचे हेड तिथे असते. १५ असेल तर बायोसने पत्त्यांचे रूपांतर करायला नको, ३१, ६३ किंवा १२७ असेल तर 'लार्ज' आणि २५४ असेल तर 'एलबीए'. क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीनचे दुसरे सॉफ्टवेअर) आयडीई डिस्कला हा रूपांतर-प्रकार आणि भूमिती हाताने देता येते.

प्रणाली सुरू झाली पण फार संथ चालत असेल, तर 'सिस्टीम'मधील 'परफॉर्मन्स' टॅब पाहावा. डिस्क एमएस-डॉस सुसंगत अवस्थेत असल्याचे तिथे लिहिले असेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) व्हीएक्सडीखालील आयओएस कीमधले 'नोआयडीई' हे मूल्य काढून पुन्हा सुरू करावे.

विंडोज एक्सपी. निळा पडदा आणि ७बी हा कोड आला, तर बूट डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मिळालेला नाही. प्रतिमा साटाला (आयडीईनंतरची डिस्क-जोडणी) जोडली असेल तर आयडीईला जोडावी. एक्सपीत एएचसीआयचा (साटा कंट्रोलरची पद्धत) ड्रायव्हर मुळात नसतो. तरीही पडदा तोच राहिला, तर मूळ मदरबोर्डचा चिपसेट बहुधा व्हर्च्युअल मशीनमधल्यापेक्षा वेगळ्या कंपनीचा होता. दुसऱ्या विंडोजमध्ये प्रतिमेची सिस्टीम हाइव्ह (रजिस्ट्रीची एक फाइल) लोड करून इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई आणि अटापी या सेवांचे 'स्टार्ट' मूल्य ० करावे, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये त्यांच्या नोंदी घालाव्यात आणि ड्रायव्हर फायली जागेवर आहेत का ते पाहावे.

फायली काढणे. प्रणाली कशीच सुरू झाली नाही, तर प्रतिमा लिनक्सवर केवळ वाचनासाठी माउंट करावी. त्या काळचे पहिले पार्टिशन सहसा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते, म्हणून ऑफसेट (सुरुवातीपासूनचे अंतर) ६३ × ५१२ = ३२,२५६ बाइट द्यावा.