मुष्टिफंड ते नीट : गोव्यात परीक्षेची फी कोण भरत आलं?

बारावी सायन्सच्या वर्गात शिकवताना ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक वाक्य दरवर्षी कानावर येतं : “सर, जेईईचा फॉर्म नाही भरत मी. गणित कच्चं आहे माझं.” कधीकधी हे सांगणाऱ्याचंच गणित वर्गात सगळ्यांत पक्कं असतं. घरात पैसे नाहीत, हे सतरा वर्षांचं पोर चारचौघांत बोलत नाही, म्हणून ते गणिताला दोष देतं. गोव्यात मराठी घरांतली मुलं परीक्षेपर्यंत पोचली ती कोणाच्या ना कोणाच्या मदतीनेच. ती मदत आधी कुठून येत होती आणि आता कुठे अडते, हे समजायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली. तिचं नाव हाच तिचा जमाखर्च होता. रोजच्या भाताचे तांदूळ काढताना घरच्या बाईने एक मूठ वेगळी ठेवायची आणि साठलेल्या त्या मुठींवर मराठी शाळा चालवायची. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षणाची वाट पोर्तुगीज भाषेतून जायची : आधी ‘सेगुंद ग्राव’ (प्राथमिकची दुसरी पातळी), मग पणजीचं १८५४ सालचं लिसेव (सरकारी माध्यमिक शाळा). मराठीतून शिकणाऱ्याचा भार समाजालाच उचलावा लागे. १९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, पुढच्या वर्षी चर्च आणि राज्यसत्ता वेगळी झाली आणि गोव्यातल्या हिंदूंना संस्था उभारायला मोकळीक मिळाली. त्याच १९११ साली फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन केलं.

मला या काळातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मूठभर तांदूळ देणाऱ्या बाईने मुलाच्या बापाचं उत्पन्न विचारलं नाही. दाखला मागितला नाही. मूल शिकतंय, एवढं तिला पुरेसं होतं.

शाळा गोव्यात झाली तरी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती, म्हणजे दुसऱ्या राजसत्तेच्या मुलखातली. पुढे शिकायचं तर बेळगाव, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. कोणी नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायचा, कोणी वार लावून जेवायचा : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. मुंबईत १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन उभी राहिली ती गोव्याहून आलेल्या अशा माणसांना आधार म्हणूनच. फीचा आकडा तेव्हा खर्चाचा लहानसा भाग असे. राहणं-जेवण जड जाई आणि ते ओळखीपाळखीची माणसं उचलत.

मुक्तीनंतर चित्र फार झपाट्याने पालटलं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज आणि १९६७ साली इंजिनियरिंग कॉलेज झालं. १९७५ साली गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ आलं आणि परीक्षा तालुक्यात पोचली. डॉक्टर-इंजिनियर होण्यासाठी बराच काळ बारावीचे गुण पाहिले जात, पुढे राज्याची जीसीईटी ही प्रवेश परीक्षा आली. एक परीक्षा, एक फॉर्म, एकदाच भरायची फी. गरीब घराला ती कशीबशी पेलत असे.

नंतर परीक्षा पुन्हा गोव्याबाहेर गेली. या वेळी प्रवास करावा लागला नाही, पण फॉर्मांची संख्या वाढली. २००२ साली इंजिनियरिंगसाठी देशपातळीवरची एआयईईई सुरू झाली, २०१३ साली तिच्या जागी जेईई मेन आली आणि आयआयटीच्या जुन्या जेईईच्या जागी अ‍ॅडव्हान्स्ड. त्याच वर्षी मेडिकलची नीट पहिल्यांदा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उभी केली. राज्यांना त्या एका वर्षाची सवलत मिळाली. २०१७ पासून गोवा मेडिकल कॉलेजातल्या जागेलाही नीटशिवाय दार नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ साली सीयूईटी आली. हे सगळं घडत होतं तेव्हाच लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पहिल्यांदा २०१२ साली आणि दुसऱ्यांदा २०१८ च्या मार्चमध्ये. डिचोली, सत्तरी, सांग्यातल्या कितीतरी घरांची रोख कमाई ट्रकांबरोबर उभी राहिली. म्हणजे फॉर्म वाढत गेले ती वर्षं आणि घरातला पैसा आटला ती वर्षं एकच.

२०२५ सालचे दर मांडतो. खुल्या वर्गातल्या मुलाला नीटचे १,७०० रुपये, जेईई मेनचे जानेवारी आणि एप्रिल मिळून २,०००, अ‍ॅडव्हान्स्डचे ३,२००, सीयूईटीचे तीन विषयांपर्यंत १,००० : एकूण ७,९००. अनुसूचित जमातीच्या मुलाला त्याच चार परीक्षांना १,०००, १,०००, १,६०० आणि ८००, म्हणजे ४,४०० पडतात. इतर मागासवर्गीय मुलाची बेरीज ७,५०० होते. अ‍ॅडव्हान्स्डला त्याला सवलतच नाही आणि बाकीच्या तिन्ही परीक्षांत मिळून वाचतात ४०० रुपये. (मुलींना जेईई मेनमध्ये थोडी आणि अ‍ॅडव्हान्स्डमध्ये निम्मी सूट आहे, हे चांगलं झालं.)

गोव्यात या आकड्यांमागे माणसं दिसतात. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. त्याआधी ते इतर मागासवर्गीयांत मोजले जात. धनगर-गवळी समाजाची तीच मागणी अजून लोंबकळत आहे. डोंगरावर शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांत गुरं सारखीच, जमीन सारखीच नसलेली, पण एका मुलाचा फॉर्म ४,४०० ला आणि दुसऱ्याचा ७,५०० ला. सवलत जातीनुसार असावी याला माझा विरोध नाही. ती लढून मिळवलेली आहे. पण घरात पैसे किती आहेत हा प्रश्न फॉर्म जवळजवळ विचारतच नाही, आणि विचारतो तिथेही (आर्थिक दुर्बल घटकांसाठी) सूट एका फॉर्ममागे शंभर रुपयांपलीकडे जात नाही.

सरकार मदत करत नाही असं मुळीच नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेऊन शेकड्यांनी मुलं शिकली, त्यांतली काही माझ्याच वर्गातली. पण कर्ज, शिष्यवृत्ती, बर्सरी यांचा हात पोचतो तो प्रवेश झाल्यावर. प्रवेश परीक्षेची फी त्याआधीची. आणि शिक्षणहक्क कायद्याचं मोफत शिक्षण आठवीला संपतं. आठवी आणि कॉलेजचं पहिलं वर्ष यांच्यामध्ये जी चार वर्षं उरतात त्यांतच हे सगळे फॉर्म येतात.

फी घ्यायलाच हवी का, असाही प्रश्न आहे. खडकवासल्याच्या एनडीएच्या लेखी परीक्षेची फी १०० रुपये आहे, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही माफ. वाळपई आणि काणकोणच्या नवोदय विद्यालयांच्या निवड चाचणीला फी लागत नाही. अमेरिकेतल्या हायस्कुलांतही कॉलेजच्या तोडीच्या विषयांची एपी परीक्षा असते, तिची फी शंभर डॉलरच्या जवळ जाते. तिथे शाळेत मोफत किंवा स्वस्त जेवण मिळणाऱ्या मुलाला त्याच आधारावर फीत सूट मिळते. शाळेला जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. आपलं माध्यान्ह भोजन आठवीपर्यंत सगळ्यांनाच असतं, त्यामुळे तो मार्ग इथे चालायचा नाही. पण गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गृह आधार योजनेची यादी राज्याकडे आहे. वर्षाला तीन लाखांच्या आतलं उत्पन्न तपासूनच ती बनली. त्या घरातल्या बारावीच्या मुलाला पुन्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढायला का लावायच्या?

आणि वेळेचंही पाहावं लागेल. सत्तरी किंवा काणकोणच्या घरात हातात पैसा येतो तो काजूच्या हंगामात, मार्च ते मे. २०२५ च्या जेईई मेनची पहिली नोंदणी २८ ऑक्टोबरला उघडून २२ नोव्हेंबरला बंद झाली होती, नीटची ७ फेब्रुवारी ते ७ मार्च. दोन्ही काजूचा पैसा हातात येण्याआधी. अ‍ॅडव्हान्स्ड तेवढी हंगामात आली, २३ एप्रिल ते २ मे, जेमतेम दहा दिवस. आयआयटी गोवा २०१६ पासून फर्मागुडीला इंजिनियरिंग कॉलेजच्याच आवारात सुरू झाली. आमच्या मुलांनी ती बसमधून जाता-येता पाहिलेली असते. अशाच एका धनगर मुलाने मेनचा टप्पा ओलांडला होता. तो १ मेला माझ्याकडे आला. काजूच्या बिया विकून झाल्या होत्या, पण घेणाऱ्याने अजून पैसे हातावर ठेवले नव्हते. ३,२०० रुपये त्या संध्याकाळी आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून भरले.