दिवे पिवळे का पडतात? बल्बला शिव्या देण्याआधी वायर बघा

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत रात्री अडकलो होतो, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना, आणि आमच्या जुन्या जीपच्या बंपरवरचे दोन जादा दिवे असे पेटले होते जणू देवघरातली समई. 55 वॉटचे दोन बल्ब, नवेकोरे, तरी उजेड पिवळा. गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचा स्विच दहा मिनिटांत इतका गरम झाला की बोट ठेववेना. तेव्हाच कळायला हवं होतं की उजेड कुठे जातोय ते. बंपरवर जायचा तो डॅशबोर्डात जात होता, उष्णता होऊन.

दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, घेऊन बसलो. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांवर? 11.9. मधले 1.9 व्होल्ट गायब. आधीच्या मालकाने काय केलं होतं, तर बॅटरीपासून एक बारीक वायर आत डॅशबोर्डला, तिथून स्विच, आणि तीच वायर परत पुढे दिव्यांना. चार मीटरचा फेरा आणि वायरची जाडी, म्हणजे आतल्या तांब्याचा छेद, अर्धा स्क्वेअर एमएम. अशा तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण 0.035 ओहम रेझिस्टन्स असतो, ऐकायला काहीच नाही वाटत, पण दोन दिवे मिळून 9 अँपच्या आसपास करंट ओढतात, मग चार मीटरला सव्वा व्होल्ट तिथेच खाल्ला. थोडा स्विचच्या काँटॅक्टने खाल्ला, उरलेला अर्थने, म्हणजे दिव्याच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतायच्या वाटेने. 1.9 व्होल्ट गुणिले 9 अँप म्हणजे 17 वॉट, ते नुसते वाटेत जळतायत. वायरच्या लांबीवर पसरले तर फार कळत नाही, पण स्विचच्या आतल्या मसुराएवढ्या काँटॅक्टवर दोन-तीन वॉट पडले तरी तो तापतो.

आणि हॅलोजन बल्बचं असं आहे की व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड थोडा नाही, बराच कमी होतो. फिलामेंट जेवढी जास्त तापते तेवढी पांढरी आणि प्रखर, जरा थंड झाली की पिवळी. ढोबळ हिशोब असा की उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. आमचं व्होल्टेज 14 टक्के पडलं होतं, उजेड जवळजवळ 40 टक्के गेला. लोक इथे काय करतात, 100 वॉटचे बल्ब टाकतात! करंट आणखी वाढतो, वायर आणखी खाते, स्विच वितळतो.

यावरचा इलाज म्हणजे रिले. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, काड्यापेटीपेक्षा लहान काळा डबा आहे. पूर्वी डाकेच्या चौकीवर दमलेला घोडा सोडून ताज्या घोड्यावर थैली पुढे जायची, हे नाव त्या घोडेबदलीवरूनच आलंय. 1835 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने हेच विजेचं केलं, लांबून दमून आलेला क्षीण करंट फक्त एक लोहचुंबक ओढेल आणि तो चुंबक दुसरं, ताजं सर्किट चालू करेल. टेलिग्राफ त्यावरच लांबवर पोचला. गाडीत तेच. आतल्या कॉइलला, म्हणजे करंट गेला की चुंबक होणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, फक्त 0.15 अँपच्या आसपास लागतात. म्हणजे तुमचा स्विच आणि ती बारीक वायर 9 ऐवजी 0.15 अँप वाहणार, हमालाच्या डोक्यावरचं पोतं काढून हातात चिठ्ठी दिल्यासारखं. खरा माल बॅटरीपासून जाड वायरने, जवळच्या रस्त्याने, थेट दिव्यांना.

डब्याखाली आकडे असतात, ते जर्मन पद्धतीचे आहेत आणि जवळपास सगळीकडे तेच चालतात. 30 ला बॅटरीचा प्लस, 87 वरून दिव्यांना, 85 आणि 86 म्हणजे कॉइलची दोन टोकं, एक स्विचकडे, एक अर्थला. पाच पायांचा रिले मिळाला तर मधला पाय 87 ए असतो, तो उलटा आहे, रिले बंद असताना चालू. मी घाईत दिवे त्यावरच जोडले होते. स्विच बंद केला की लख्ख उजेड, चालू केला की अंधार. शेजारचे काका गॅलरीतून बघून हसले, मी पण हसलो, काय करणार.

आता फ्यूज. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून तो दिव्याजवळ नाही, बॅटरीजवळ हवा, वीतभर अंतरात, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणी वाली नसतो. तो बॉडीला घासून शॉर्ट झाला तर गाडीची बॅटरी क्षणात काहीशे अँप ओतू शकते आणि वायर लाल होते. फ्यूजच्या आत जस्ताची पट्टी असते, जस्त 420 अंशाला वितळतं, तांबं 1085 ला. म्हणजे वायरच्या आधी मरायचं हीच तिची नोकरी. पण ती काही घड्याळ लावून बसलेली नसते, 15 चा फ्यूज 16 अँपला तासन्‌तास टिकू शकतो, दुप्पट करंट गेला तर मात्र काही सेकंदांत जातो. आमचे 9 अँप, फ्यूज कायम काठोकाठ चालवायचा नाही म्हणून 15 चा, निळा. 10 चा लाल असतो, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची, म्हणजे 15 अँप ती आरामात सोसते.

अर्थचं राहिलंच. दिव्याचा मायनस लोक बंपरच्या बोल्टला लावून मोकळे होतात, खाली रंग, रंगाखाली गंज. माझ्या मीटरने दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.4 व्होल्ट दाखवले, ते शून्याजवळ हवेत. रंग खरवडला, चकाकणारं लोखंड दिसेपर्यंत, मग वायरच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, कसून वर ग्रीस. थिंबल दाबून बसवलेलं बरं, सोल्डर केलं तर सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि खडकावरच्या धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते. रिले उंचावर, पाय खाली करून, वायरला थोडा झोळ देऊन लावला, ओढ्यातून जाताना पाणी गळून जावं म्हणून.

हे सगळं झाल्यावर बल्बवर 13.5 व्होल्ट. स्विच गार. दोन दिवस मजेत गेले आणि मग फ्यूज उडायला लागला, तोही फक्त खड्ड्यातच. ओळखीच्या वायरमनने लगेच उपाय सांगितला, ‘दादा, तीसचा टाका ना, नाहीतर तांब्याची तार गुंडाळून देतो.’ दोन्हीचा अर्थ एकच, की यापुढे फ्यूजऐवजी वायर जळेल. त्याला नको म्हटलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. अर्ध्या तासाने सापडलं, रिलेपासून दिव्यांकडे जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुशच नव्हता, इन्सुलेशन कापलं जाऊन केसाएवढं तांबं चमकत होतं. वायरवर नवी स्लीव्ह चढवली आणि भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. फ्यूज तोच ठेवलाय, निळा.