उबुंटूची आयएसओ: सीडीपासून सहा जीबीपर्यंत

2004 च्या ऑक्टोबरात उबुंटू या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती आली तेव्हाची अट साधी होती: तिची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची सगळी डिस्क ज्या एका फाइलीत असते ती, एका सीडीत बसली पाहिजे. 80 मिनिटांच्या सीडीवर 73 कोटी 72 लाख 80 हजार बाइट मावतात. कोणी याला 737 एमबी म्हणे, कोणी 1024 च्या हिशेबाने 703. डायल-अपवर, म्हणजे फोनलाइनच्या संथ नेटवर, एवढी फाइल उतरवणं म्हणजे दिव्यच, म्हणून सीड्या पोस्टाने फुकट घरपोच मिळत. ती सोय एप्रिल 2011 मध्ये बंद झाली.

सीडीच्या अटीचा काच पुढे पुढे जाणवू लागला. 10.04 मध्ये (आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, इथे 2010 चा एप्रिल) गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर मूळ संचातून गेलं. जागा हे त्यामागचं एक कारण होतं. भाषांचे पॅकही मोजकेच सीडीवर असत. मराठी हवी तर ती इन्स्टॉलनंतर नेटवरून घ्यायची. नेट नसलेल्याने काय करायचं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

खरा वाद झाला तो 2012 मध्ये. 12.10 साठी सीडीची अट सोडून 800 एमबीची मर्यादा घेतली गेली. समर्थकांचं म्हणणं, पेनड्राइव्ह स्वस्त झाले, सीडी कोण बर्न करतो? विरोधकांचं बोट जुन्या मशिनांकडे होतं: यूएसबीवरून बूट न होणारी, डीव्हीडी ड्राइव्ह नसलेली. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण 700 ऐवजी 800 च का, याला भक्कम आधार नव्हता. सीडीची मर्यादा वस्तूची होती, ही फक्त ठरवलेली. ठरवलेली मर्यादा टिकत नाही, आणि टिकलीही नाही.

16.04 दीड जीबीजवळ, 20.04 अडीचच्या पुढे. 19.10 पासून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर आयएसओतच आले. ऑफलाइन इन्स्टॉल करणाऱ्यांची मोठी सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. त्यात फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) आणि स्नॅपची (लागणारं सगळं सोबत बांधलेल्या अॅप पॅकेजांची) भर पडली. 24.04 सहा जीबीच्या आसपास गेली, म्हणजे एकाच थराच्या साध्या डीव्हीडीतही मावेना.

मधल्या काळात 23.04 सोबत छोटी मिनी आयएसओ पुन्हा दिसली. ती बूट झाल्यावर निवडलेली पूर्ण आयएसओ नेटवरून रॅममध्ये उतरवते. त्यामुळे पेनड्राइव्ह लहान चालतो, डेटा मात्र तेवढाच जातो आणि जास्तीची रॅम लागते ती वेगळीच.